बारा पंचावन्न

३ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री 'डॉर्चेस्टर' हे अमेरिकन सैन्यवाहू जहाज ग्रीनलंडजवळच्या समुद्रात अर्ध्या तासाच्या आत बुडाले. जहाजावर ९०४ माणसे होती. २३० वाचली. चार लष्करी धर्मगुरूंनी आपापली लाइफ जॅकेटे दुसऱ्यांना देऊन टाकली आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांतले एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अलेक्झांडर गूड, वय ३१.

अमेरिकेत ही कथा टपाल तिकिटावर, चर्चच्या रंगीत काचांवर आणि शाळेच्या पुस्तकांत पोचली आहे. ती नेहमी जॅकेटांपासून सुरू होते. त्या रात्री अंगात जॅकेट असणे किंवा नसणे हे मात्र काही तास आधीच ठरले होते, आणि जहाजावर एक रब्बी असणे त्याच्याही कितीतरी आधी.

१७ जुलै १८६२

अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. आदल्या वर्षीच्या कायद्यानुसार पलटणीचा चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, ख्रिस्ती पंथाचाच असायला हवा. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ पलटणीने मायकेल अ‍ॅलन या ज्यू गृहस्थांना निवडले होते. त्यांना पद सोडावे लागले. मग अर्नोल्ड फिशेल यांचे नाव गेले, तेही नाकारले गेले. फिशेल वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष लिंकनना भेटले. आज कायद्यातली ती अट बदलते. सप्टेंबरात जेकब फ्रँकेल अमेरिकन सैन्याचे पहिले ज्यू चॅप्लेन होतील आणि फिलाडेल्फियाच्या लष्करी इस्पितळांत फिरू लागतील.

जानेवारी १९४१

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे रब्बी गूड नौदलात चॅप्लेन होण्यासाठी अर्ज करतात. नौदल घेत नाही.

गूड मूळचे ब्रुकलिनचे. वडीलही रब्बी. सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजात दीक्षा घेतल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. यॉर्कमध्ये त्यांनी बालवीरांचे एक पथक काढले होते. त्यात ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले एकत्र असत आणि प्रत्येकाला आपापल्या धर्माचे पदक मिळवता येई. १९४१ च्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला होतो. गूड पुन्हा अर्ज करतात, या वेळी लष्कराकडे. २१ जुलै १९४२ ला त्यांना रुजू करून घेतले जाते. नौदलाने होकार दिला असता तर ते दुसऱ्या कुठल्या तरी जहाजावर असते.

२७ ऑगस्ट १९४२

कॅनडाच्या किनाऱ्याजवळ, बेल आइलच्या सामुद्रधुनीत 'चॅटहॅम' या अमेरिकन सैन्यवाहू जहाजाला टॉर्पेडो लागतो. या युद्धात पाणबुडीने बुडवलेले हे पहिले अमेरिकन सैन्यवाहू जहाज. तेही ग्रीनलंडलाच निघाले होते. बहुतेक माणसे वाचतात.

'चॅटहॅम' आणि 'डॉर्चेस्टर' सख्खी भावंडे: एकाच कंपनीसाठी, एकाच नमुन्यावर बांधलेली. दोन्ही मुळात किनाऱ्याकिनाऱ्याने सुखवस्तू प्रवासी नेणाऱ्या बोटी. 'डॉर्चेस्टर' १९२६ मधले. ३१४ प्रवाशांसाठी बांधलेल्या या जहाजात आता साडेसातशेच्या घरात माणसे झोपतील, तीही सगळीच वरच्या मजल्यांवर नव्हेत.

वाट तीच राहते. ग्रीनलंडमध्ये अमेरिकेचे तळ आहेत. ब्रिटनला जाणारी विमाने तिथे उतरतात, युरोपच्या हवामानाचा अंदाज तिथून मिळतो आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी लागणारे क्रायोलाइट तिथल्या खाणीतून निघते. तळांना माणसे लागतात, आणि माणसे समुद्रावाटेच जातात.

१९४२, वर्षाचा उत्तरार्ध

हार्वर्ड विद्यापीठातल्या चॅप्लेन विद्यालयात चार जण शिकून जातात. मेथॉडिस्ट जॉर्ज फॉक्स, ज्यांनी पहिल्या महायुद्धात आघाडीवर जखमींची शुश्रूषा केली होती. रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग. न्यूअर्कचे कॅथलिक पाद्री जॉन वॉशिंग्टन. आणि गूड. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या माइल्स स्टँडिश छावणीत ते पुन्हा एकत्र येतात.

या युद्धात सुमारे साडेपाच लाख ज्यू स्त्री-पुरुष अमेरिकन गणवेशात असतील आणि तीनशेहून अधिक रब्बी चॅप्लेन म्हणून काम करतील. प्रत्येक सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचे अक्षर कोरता येते: प्रोटेस्टंटांसाठी 'पी', कॅथलिकांसाठी 'सी', ज्यूंसाठी हिब्रूचा 'एच'. शत्रू जर्मनी असताना तो 'एच' गळ्यात घालायचा की नाही, हा त्या मुलांपुढचा खरा प्रश्न आहे.

१७ डिसेंबरला मित्रराष्ट्रे एक संयुक्त निवेदन काढतात: जर्मनी युरोपातल्या ज्यूंचा पद्धतशीर संहार करत आहे. जहाज सुटायला ३७ दिवस आहेत. गूड यांना पाठवले जाते ते ग्रीनलंडला, युरोपला नाही.

२३ जानेवारी १९४३, शनिवार

शब्बाथ, ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस. 'डॉर्चेस्टर' न्यूयॉर्क सोडते. कप्तान हान्स डॅनिएल्सन. खलाशी आणि अधिकारी १३०, नौदलाचे तोफची २३, प्रवासी ७५१. बहुतेक प्रवासी सैनिक आहेत, काही बांधकामावरचे कामगार, काही डॅनिश नागरिक. पोटात एक हजार टनांहून अधिक माल आणि टपालाच्या ६० पिशव्या.

याच सुमारास यू-२२३ ही जर्मन पाणबुडी अटलांटिकमध्ये आहे. तिची ही पहिलीच मोहीम. कमांडर कार्ल-युर्ग वेख्टर.

२९ जानेवारी, शुक्रवार

न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरातून ताफा निघतो. नाव एसजी-१९. तीन जहाजे: 'डॉर्चेस्टर' आणि 'लुट्झ' व 'बिस्काया' ही मालवाहू. रक्षणाला तटरक्षक दलाची तीन गस्ती जहाजे: 'टँपा', 'एस्कानाबा', 'कोमांची'.

आणखी पाच दिवस.

१ आणि २ फेब्रुवारी

थंडी वाढते. लाटांचे तुषार लोखंडावर पडले की गोठतात. कठडे, तोफा, दोर, लाइफबोटींचे आकडे, सगळ्यांवर बर्फाचा थर चढतो. गस्ती जहाजांवरचे खलाशी तोफांवरचा आणि पाणबुडीविरोधी बॉम्बांवरचा बर्फ फोडत राहतात. ताफ्याचा वेग घटतो. वेग घटला म्हणजे धोक्याच्या पाण्यात जास्त तास. दिवसाउजेडी पार पडले असते ते अंतर आता रात्रीत शिरते.

'डॉर्चेस्टर'च्या चौदा लाइफबोटी जागच्या जागी आहेत. त्यांतल्या किती बोटींचे दोर गोठून जखडले आहेत, ते बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी कळेल.

२ फेब्रुवारी, मंगळवार. उरलेला अवधी: काही तास

'टँपा'च्या सोनार यंत्रावर पाणबुडीची चाहूल लागते. 'टँपा' शोध घेते. हाती काही लागत नाही. ती पुन्हा ताफ्याच्या पुढे आपल्या जागी येते. बातमी कप्तान डॅनिएल्सनना कळवलेली आहे.

या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय डॅनिएल्सन घेतात, आणि तो अचूक आहे. ते ध्वनिवर्धकावरून हुकूम देतात: आज रात्री प्रत्येकाने कपड्यांनिशी झोपायचे, लाइफ जॅकेट अंगातून काढायचे नाही. ग्रीनलंडचा तळ आता सुमारे दीडशे मैलांवर आहे. रात्र पार पडली की सकाळी विमानांचे संरक्षण मिळेल.

संध्याकाळ

उत्तरेकडच्या हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. दिवे झाकले जातात.

खालच्या मजल्यांवर इंजिनखोलीची ऊब आहे. वर गोठणबिंदूच्या आसपास हवा, खाली घाम. खाटा एकावर एक रचलेल्या. जॅकेट जाड आहे, कुशीवर वळता येत नाही. काही जण शर्ट काढतात. काही जण बूट. बरेच जण जॅकेट काढून उशाशी ठेवतात, हात पुरेल इतक्या अंतरावर.

त्यांना हुकूम मोडायचा नाही, झोपायचे आहे. बहुतेक जण विशीतले आहेत आणि दिवसभर समुद्र लागून हैराण आहेत. दोष द्यायचाच तर माणसांना इंजिनाशेजारी निजवणाऱ्या रचनेला द्यावा. पण ती रचना आज रात्री कोणी बदलू शकत नाही.

चारही चॅप्लेन खाली फिरत असतात. वाचलेल्यांनी नंतर सांगितले की ते घाबरलेल्या मुलांशी बोलत होते, धीर देत होते, जॅकेट घालून ठेवा असे बजावत होते. कोणाचा धर्म कोणता हे त्या खाटांमधून विचारले जात नव्हते. ते स्वतः जॅकेट घालून होते. त्यांच्याजवळ पुढे देण्यासारखे जे उरले, ते या आज्ञापालनामुळे उरले.

मध्यरात्र. ५५ मिनिटे

तारीख बदलते. ३ फेब्रुवारी, बुधवार. 'टँपा' तीन हजार यार्ड पुढे आहे, 'एस्कानाबा' आणि 'कोमांची' दोन्ही बाजूंना. हवेचे तापमान सुमारे २ अंश सेल्सियस. पाण्याचे सुमारे १ अंश.

इतक्या गार पाण्यात पडलेल्या माणसाची बोटे दहाएक मिनिटांत निकामी होतात. जीव आणखी थोडा वेळ टिकतो, पण दोर पकडता येत नाही, गाठ सोडता येत नाही, बोटीची कड धरून वर चढता येत नाही. अंगात लोकरीचे कपडे आणि हातात मोजे असतील तर ही मिनिटे लांबतात. उघड्या अंगाने झोपलेल्यांना ती मिळणार नाहीत.

यू-२२३ ला ताफा दिसला आहे.

१२:५५

टॉर्पेडो 'डॉर्चेस्टर'च्या उजव्या कुशीत, मधोमध, इंजिनखोलीपाशी फुटतो.

शंभराच्या आसपास माणसे तिथल्या तिथे मरतात. वीज जाते. खालचे मजले काळेठार होतात. शीतगृहाचा अमोनिया जिन्यांमधून वर चढतो. उशाशी ठेवलेली जॅकेटे आता अंधारात, पाण्यात, उलटलेल्या खाटांखाली आहेत. अंतर्वस्त्रांवर झोपलेले तसेच वर धावतात.

१२:५६

वीज नाही म्हणून बिनतारी संदेश जात नाही. संकटाची रॉकेटे उडवली जात नाहीत. प्रकाशगोळेही नाहीत. ताफा पुढे सरकतच आहे. 'कोमांची'वरून एक झगझगीत लखलखाट दिसतो आणि तिच्यावर युद्धसज्जतेची घंटा होते. बाकीच्यांना काय झाले आहे हे लगेच कळत नाही.

या रात्रीच्या सगळ्या चुकांमध्ये मला ही सर्वांत जड वाटते. मदत दोनतीन किलोमीटरच्या आत होती. तीन जहाजे, दोर, डॉक्टर, उबदार खोल्या. एक रॉकेट उडाले असते तर तिथली मिनिटे वाचली असती, आणि त्या पाण्यात मिनिटांवरच सगळे होते.

१ वाजण्याच्या सुमारास

डॅनिएल्सन जहाज सोडण्याचा हुकूम देतात. जहाज उजवीकडे कलले आहे.

चौदा बोटींपैकी काही स्फोटात फुटल्या आहेत. काहींचे दोर बर्फाने धरले आहेत. काही कललेल्या जहाजामुळे खाली सोडता येत नाहीत. ज्या सुटतात त्यांत माणसे गर्दी करतात आणि त्या उलटतात. तराफे कापून पाण्यात फेकले जातात, पण त्यांवर कोणी उतरण्याआधीच ते दूर वाहून जातात. नीट उपयोगी पडतात अवघ्या दोन बोटी.

१ नंतर

चार चॅप्लेन डेकवर आहेत. ते माणसांना बोटींकडे वळवतात, डेकवरच्या पेटीतली जादा जॅकेटे वाटतात.

एक नौसैनिक हातमोजे आणायला खोलीकडे परत निघतो. गूड त्याला थांबवतात आणि आपल्या हातातले मोजे काढून देतात. माझ्याकडे दुसरी जोडी आहे, असे सांगतात. त्या मोज्यांमुळे त्याची बोटे शाबूत राहिली, तो बोटीला धरून राहिला आणि वाचला. जहाज सोडून जायचेच नाही असे ठरवलेला माणूस दुसरी जोडी जवळ बाळगत नाही, हे त्याच्या पुष्कळ नंतर लक्षात आले.

पेटी रिकामी होते. रांगेत अजून माणसे आहेत.

चौघे आपली जॅकेटे काढतात आणि समोरच्या माणसांच्या अंगात चढवतात. रब्बी ज्यू सैनिक शोधत नाहीत, पाद्री कॅथलिक शोधत नाहीत. जो पुढे उभा आहे, त्याला.

१:१५ नंतर

पाण्यातल्या आणि बोटींमधल्या माणसांनी जे शेवटचे पाहिले ते त्यांनी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या ठिकाणी सांगितले आहे, आणि ते जुळते. चौघे कललेल्या डेकवर हातांत हात गुंफून उभे होते. प्रार्थना ऐकू येत होत्या: हिब्रू, लॅटिन, इंग्रजी.

१:३० च्या आधी

'डॉर्चेस्टर' बुडते. डॅनिएल्सन तिच्याबरोबर जातात. पाण्यावर शेकडो लहान लाल दिवे राहतात. जॅकेटांना ते अडकवलेले असत. पुष्कळ दिवे जळत असतात आणि खालचा माणूस मेलेला असतो.

पहाटेपर्यंत

'एस्कानाबा' आणि 'कोमांची' पाण्यातून माणसे काढतात. 'टँपा' उरलेल्या दोन जहाजांना घेऊन पुढे जाते.

इथे एक जुनी तयारी कामी येते. बर्फाळ पाण्यात पडलेल्याला टाकलेला दोर धरता येत नाही, हे 'एस्कानाबा'वरचे लेफ्टनंट रॉबर्ट प्राऊस यांनी आधीच ओळखले होते. त्यांनी रबरी पोशाख घातलेल्या खलाशांना कमरेला दोर बांधून पाण्यात उतरवण्याची पद्धत बसवली होती. आज ती खऱ्या प्रसंगी वापरली जाते. पाण्यात उतरलेल्यांपैकी एक जहाजाचा आचारी आहे, फॉरेस्ट रेडनूर. मेलेले वाटणारे ५० देह वर काढले जातात. तपासल्यावर त्यांतले बाराच खरोखर मेलेले निघतात. 'एस्कानाबा' १३३ माणसे उचलते.

'कोमांची' ९७ उचलते. तिच्यावरचा कृष्णवर्णीय मेस-सेवक चार्ल्स डेव्हिड पुन्हा पुन्हा पाण्यात उडी घेतो. ज्या सैन्यात त्याला त्वचेच्या रंगामुळे वाढपाचेच काम दिले गेले, त्याच सैन्यातल्या माणसांना तो वर आणतो. काही आठवड्यांनी तो न्यूमोनियाने जातो.

१३ जून १९४३

'एस्कानाबा' याच उत्तरेकडच्या पाण्यात स्फोट होऊन काही मिनिटांत बुडते. जहाजावरच्या फक्त दोघांना जिवंत काढता येते. रेडनूर त्यांत नाही.

१९ डिसेंबर १९४४ ते १८ जानेवारी १९६१

चौघांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळतो. सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, देता येत नाही: त्यासाठी शत्रूच्या माऱ्याखाली लढताना दाखवलेले शौर्य हवे, असा नियम आहे. अमेरिकन संसद त्यांच्यासाठी वेगळे पदक निर्माण करते आणि ते चौघांच्या कुटुंबांना दिले जाते. तोवर गूड यांची मुलगी, जहाज निघाले तेव्हा जेमतेम तीन वर्षांची असलेली, विशीत आलेली असते.

२४ ऑक्टोबर २०११

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत चॅप्लेन्स हिल नावाची टेकडी आहे. सेवेत असताना मरण पावलेल्या चॅप्लेनांची नावे तिथे शिळांवर कोरलेली आहेत. प्रोटेस्टंटांची शिळा १९८१ मध्ये उभी राहिली, कॅथलिकांची १९८९ मध्ये. फॉक्स, पोलिंग आणि वॉशिंग्टन यांची नावे त्यांवर आहेत. गूड यांचे नाव कुठेच नव्हते, कारण ज्यू चॅप्लेनांची शिळाच नव्हती. चौघांविषयी माहिती गोळा करताना हे एका अभ्यासकाच्या लक्षात आले. मग निधी गोळा झाला, संसदेचा ठराव झाला. आज ती शिळा अनावृत होते. तिच्यावर चौदा रब्बींची नावे आहेत, आणि त्यांत अलेक्झांडर गूड हे एक.